हास्ययोग आणि कर्करुग्ण

हास्ययोग म्हणजे टाळ्या, दीर्घ श्वसन आणि ठरवून काढलेले हसू यांची सांगड घातलेला सामूहिक व्यायाम. कर्करोगाच्या रुग्णांना मानसिक आधार म्हणून काही रुग्णालयांत आणि आधारगटांत तो घेतला जातो. त्याची जागा उपचारांच्या जोडीला आहे. हसण्याने गाठ विरघळते असे सांगणारा भेटला, तर त्याच्यापासून चार हात लांब राहावे.

मुंबईचे डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीतील लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांचा पहिला हास्यक्लब भरवला. सुरुवातीला रोज विनोद सांगितले जात. थोड्याच दिवसांत बरे विनोद संपले, चावट आणि टोचणारे उरले, तेव्हा विनोद सोडून नुसतेच हसायचे ठरले. योगशिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नी माधुरी यांच्यामुळे प्राणायामाची जोड मिळाली. विनोद गळाला हे कर्करुग्णांच्या पथ्यावरच पडले. केमोनंतर तोंडाची चव गेलेली, झोप उडालेली असताना विनोद सुचत नाही आणि रुचतही नाही. ‘हो हो, हा हा हा’ च्या तालावर टाळ्या मात्र वाजवता येतात.

वर्गात प्रत्येक हास्यानंतर थांबून श्वास घेतात. नमस्कार हास्यात हात जोडून समोरच्याच्या डोळ्यांत पाहत हसायचे, सिंहहास्यात जीभ बाहेर काढून डोळे वटारायचे. केस गळल्यापासून आरसा टाळणारी बाई आपल्यासारख्याच दहा जणींसमोर वेडीवाकडी तोंडे करते, तेव्हा दिसण्याचा धाक थोडा सैलावतो. माझ्या मते खरा लाभ या सोबतीत आहे. मध्येच कुणाला रडू येते. जाणता संचालक ते थोपवत नाही.

पुरावा आश्वासक असला तरी तोकडा आहे. ओसाकातील कर्करोग केंद्रात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्या एका गटाकडून हास्ययोग करून घेतला आणि मग त्यांना राकुगो, मान्झाई हे जपानी विनोदी प्रयोग दाखवले. या गटाच्या वेदना काही काळ कमी झाल्या, आकलन सुधारले. पण श्रेय हास्ययोगाचे किती आणि कलावंतांचे किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. शिवाय कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णांपासून लपवणे अशा चाचणीत शक्यच नसते.

पोटाची किंवा छातीची ताजी शस्त्रक्रिया, हर्निया, हाडांत पसरलेला कर्करोग, प्लेटलेट फार कमी असणे किंवा धाप लागणे, यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरात हसू नये. पांढऱ्या पेशींचे काउंट उतरलेले असताना गर्दीचा वर्ग टाळावा. अशक्त रुग्ण खुर्चीत बसून, आवाज न काढताही हसू शकतो. ‘हसत राहा, बरे व्हाल’ असा नातेवाइकांचा धोशा मात्र उलटा पडतो. आजार वाढला तर आपणच कमी हसलो, असे रुग्णाला वाटू लागते. म्हणून येणे, न येणे आणि मधूनच उठून जाणे त्याच्याच मर्जीवर सोडतात.