बेसबॉल संघाच्या सरावाचे नियोजन

बेसबॉल संघाच्या सरावाचे नियोजन म्हणजे हाताशी असलेला वेळ, मैदान, चेंडू आणि खेळाडूंच्या खांद्यांची क्षमता यांची आधी ठरवून केलेली वाटणी. फेक, झेल, फटका आणि बेसवरील (धावताना गाठायच्या टप्प्यांवरील) धाव यांचा प्रत्येकाला पुरेसा सराव मिळावा आणि तो मिळताना कोणाचा हात दुखावू नये, असा तिचा दुहेरी हेतू असतो. नागपुरात हा खेळ प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांच्या संघांमधून खेळला जातो आणि तेच खेळाडू बरेचदा सॉफ्टबॉलही खेळतात. त्यामुळे येथील नियोजनात खेळाच्या तंत्राइतकाच उन्हाचा, मातीचा आणि मैदानाच्या वाटेकऱ्यांचा विचार करावा लागतो.

सरावाची सर्वाधिक दिसणारी पद्धत म्हणजे एकाने बॅटिंग करायची, एकाने चेंडू टाकायचे आणि उरलेल्यांनी मैदानात पसरायचे. अठरा जणांच्या संघात प्रत्येकाला चार मिनिटे दिली, तर ही फेरी 72 मिनिटे चालते आणि त्यांपैकी 68 मिनिटे प्रत्येक खेळाडू आपल्याकडे चेंडू येण्याची वाट पाहत असतो. उजव्या आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या दूरच्या भागात) उभ्या असलेल्या मुलाकडे तर तेवढ्या वेळात दोन-तीन चेंडूही जात नाहीत. चांगल्या नियोजनाची खरी कसोटी हा रिकामा वेळ कमी करण्यात आहे. सराव किती तास चालला हे त्या मानाने गौण. त्याच अठरा जणांचे सहा-सहांचे तीन गट करून पहिल्याला टीवरचे (उभ्या दांड्यावर ठेवलेले) चेंडू जाळीत मारायला, दुसऱ्याला जोडीदाराने बाजूने उडवलेल्या चेंडूंवर आणि तिसऱ्याला प्रत्यक्ष पिचिंगवर, म्हणजे समोरून टाकलेल्या चेंडूंवर, लावले व दर बारा मिनिटांनी गट फिरवले, तर 36 मिनिटांत सर्वांच्या हातून कितीतरी अधिक फटके निघतात.

दोन तासांच्या सत्रात साधारणपणे दहा मिनिटे अंग मोकळे करण्याला, पंधरा मिनिटे जोडीने फेक-झेलीला, पंचवीस मिनिटे जागेनुसार क्षेत्ररक्षणाला, वीस मिनिटे कटऑफ (दूरची फेक मध्येच घेऊन पुढे देणे), रनडाउन (दोन बेसमध्ये अडकलेल्याला बाद करणे), डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघांना बाद करणे) अशा सांघिक हालचालींना, वर सांगितलेली 36 मिनिटे बॅटिंगला आणि उरलेला वेळ बेसवर धावण्याला दिला जातो. फेक-झेलीची पंधरा मिनिटे गप्पांत घालवण्याची सवय सर्वत्र आढळते. वास्तविक सामन्यातल्या चुकांचा मोठा वाटा साध्या फेकीचाच असतो, म्हणून प्रत्येक फेक जोडीदाराच्या छातीच्या रेषेत यावी एवढे एकच लक्ष्य तेथे ठेवणे पुरेसे आहे.

बॅटिंगच्या सरावात चेंडूंचा क्रमही महत्त्वाचा असतो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉल, डोमिंगेस आणि कवाझोस यांच्या अभ्यासात महाविद्यालयीन खेळाडूंना सहा आठवडे नेहमीच्या सरावाला जोडून जादा चेंडू खेळायला दिले होते. एका गटाला वेगवान, वळणारे आणि मंद चेंडू एकेका प्रकाराचे सलग मिळाले, तर दुसऱ्याला तेच चेंडू सरमिसळ क्रमाने मिळाले. अखेरच्या चाचणीत सरमिसळ गटाची सुधारणा सुमारे 57 टक्के, तर सलग गटाची सुमारे 25 टक्के आढळली. सरमिसळीत फटके सुरुवातीला चुकतात, खेळाडू वैतागतो आणि प्रशिक्षकालाही सराव फसल्यासारखा वाटतो. तरीही सामन्यात पुढचा चेंडू कोणता हे बॅटरला कोणी सांगत नसते.

सर्वांत काटेकोर हिशोब पिचरच्या, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्याच्या, हाताचा ठेवावा लागतो. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या अमेरिकी संस्थांनी 2014 मध्ये जाहीर केलेल्या पिच स्मार्ट मार्गदर्शक सूचनांनुसार 11-12 वर्षांच्या खेळाडूने एका दिवसात कमाल 85, 13 ते 16 वर्षांच्या खेळाडूने 95 आणि 17-18 वर्षांच्या खेळाडूने 105 चेंडू टाकावेत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने 66 किंवा अधिक चेंडू टाकले, तर त्यानंतर चार दिवस पिचिंग करू नये. या मर्यादा सामन्यांसाठी असल्या तरी खांद्याला सामना आणि सराव यांतला फरक कळत नाही. नागपुरात यात आणखी एक गुंता असतो: जोरदार हाताचा मुलगा सकाळी क्रिकेटच्या नेटमध्ये गोलंदाजी करून येतो आणि संध्याकाळी पिचर म्हणून उभा राहतो. त्याची सकाळची मेहनत बेसबॉलच्या वहीत नोंदलेली नसते, म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी ती त्याला विचारून घ्यावी लागते.

क्रिकेटचा वारसा इतरत्रही दिसतो. नवा मुलगा चेंडू मारल्यावर बॅट हातात धरूनच पहिल्या बेसकडे पळत सुटतो, आणि सगळे मैदान हसते. ग्लोव्ह घातलेला असूनही तो दुसऱ्या हाताने चेंडू पकडायला जातो. अशा संघात पहिले काही दिवस बॅट टाकून धावणे आणि ग्लोव्हने चेंडू टिपणे यांसाठी वेगळे राखणे शहाणपणाचे ठरते. पूर्ण आकाराच्या मैदानावर दोन बेसमधील अंतर 90 फूट, म्हणजे 27.43 मीटर असते. तिसऱ्या बेसवरून पहिल्यावर फेक करायची तर ती जवळपास 38.8 मीटर जाते. लहान मुलांना या अंतरावर राबवण्यापेक्षा बेस जवळ आणणे केव्हाही बरे.

मैदान बहुधा सामाईकच असते. मध्यभागी क्रिकेटची खेळपट्टी, कडेला फेरफटका मारणारी मंडळी आणि आउटफिल्डमध्ये दुसऱ्याच कोणाचा तरी सामना, अशा स्थितीत उंच फ्लाय बॉलचा सराव पहाटेच उरकावा लागतो. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. प्रशिक्षकाने फंगो बॅटने (सरावासाठीच्या हलक्या बॅटने) मारलेला साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा चेंडू, भेगेच्या काठावर आपटून थेट हनुवटीकडे उसळतो, आणि असे दोन चेंडू खाल्लेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) पुढच्या प्रत्येक चेंडूला मान फिरवू लागतो. म्हणून इनफिल्डच्या (बेसच्या आसपासच्या) भागात मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून मगच फक्कीने रेषा आखाव्यात. तेवढे जमत नसेल तर त्या दिवशी ग्राउंडर हाताने सरपटत सोडणे बरे.

वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते. मे महिन्यात येथील पारा 45 अंशांपर्यंत आणि कधी त्यापुढेही जातो, तर सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. उन्हाळी शिबिराचा दिवस म्हणूनच पहाटे सुरू होऊन आठाच्या आत संपवावा लागतो. उन्हाची सवय होण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे पहिला आठवडा हलका ठेवून मेहनत हळूहळू वाढवली जाते. 25 मेपासूनच्या नवतपात धावण्याचे प्रकार वगळून नियम समजावणे, खुणांची उजळणी आणि सावलीत टीवरचा सराव एवढ्यावर थांबणे इष्ट. डिसेंबर-जानेवारीत अडचण उलटी असते: सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, बोटे गारठलेली असतात, म्हणून अंग मोकळे करण्याचा वेळ दुप्पट करून मगच लांब फेकी सुरू कराव्या लागतात.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे नव्या संघाची बांधणी नेमकी पावसात होते. काळी माती बुटांना चिकटते आणि चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होतो. तो जोराने फेकल्यास कोपरावर ताण येतो. त्यासाठी जुने चेंडू वेगळे ठेवतात, किंवा शाळेच्या व्हरांड्यात टेनिस चेंडूवर झेल आणि पायांच्या हालचाली घेतात. गडगडाट ऐकू येताच धातूच्या बॅटी खाली ठेवून, तारेच्या जाळीपासून दूर, सर्वांना पक्क्या इमारतीत न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे मैदानावर परतू नये.