नाना दार्कोआ सेचियामा

सेचियामा, नाना दार्कोआ : (१९७८ – ). घानातील क्वीअर (लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या) स्त्रीवादी लेखिका, संपादक आणि स्त्रीहक्क कार्यकर्त्या. ‘ॲडव्हेंचर्स फ्रॉम द बेडरूम्स ऑफ आफ्रिकन विमेन’ या संकेतस्थळाच्या सहसंस्थापक आणि ‘द सेक्स लाइव्हज ऑफ आफ्रिकन विमेन’ (२०२१) या पुस्तकाच्या लेखिका म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्या नावामागे ‘धीट’ हे विशेषण हमखास लागते आणि घानातील कायद्याची स्थिती पाहता ते शोभतेही. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग दुसऱ्यांचे ऐकून घेण्याचा आणि ऐकलेले नीट मांडण्याचा आहे. बोलणारीला अडचणीत न आणता तिचे बोलणे छापील पानापर्यंत कसे न्यायचे, या प्रश्नावर त्यांनी दीड दशक काम केले.

त्यांचा जन्म लंडनमध्ये घानाई कुटुंबात झाला. बालपण घानात गेले. उच्च शिक्षणासाठी त्या पुन्हा ब्रिटनला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी लिंगभाव आणि विकास या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे त्या घानाची राजधानी अक्रा येथे परतल्या आणि ‘आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड’ या संस्थेत निधी उभारणी व जनसंपर्काचे काम पाहू लागल्या. आफ्रिकाभरच्या स्त्री-संघटनांना अनुदान देणारी ही संस्था बिसी अडेलेये-फायेमी, जोआना फॉस्टर आणि हिल्डा तादरिया या तिघींनी उभी केली. तेथे असताना सेचियामा यांनी आफ्रिकी स्त्री-नेत्यांच्या मुलाखतींचा ‘विमेन लीडिंग आफ्रिका’ हा संग्रह संपादित केला. मुलाखत घेणारीने स्वतः मागे राहायचे, ही त्यांची पद्धत येथूनच सुरू झालेली दिसते. नंतर ‘अविड’ या जागतिक स्त्रीवादी संघटनेच्या संवाद विभागाच्या संचालक म्हणून त्यांनी काम केले.

विकासक्षेत्रातील या नोकऱ्यांचा त्यांच्या लेखनाशी थेट संबंध आहे. त्या काळातले अहवाल आणि अनुदानाचे अर्ज वाचले, तर आफ्रिकी स्त्रीचे शरीर तीन-चार ठिकाणीच भेटते : एचआयव्हीची लागण, बाळंतपणातील मृत्यू, जननेंद्रियविच्छेदन आणि बलात्कार. हे सगळे खरे आणि तातडीचेच प्रश्न होते. पण त्या बाईला काय आवडते, कोण आवडते, ती कधी खूश असते, हे विचारायला त्या अर्जांत रकाना नव्हता. मैत्रिणी एकत्र जमल्या की मात्र गप्पा याच विषयांवर यायच्या. समुद्रकिनाऱ्यावरच्या अशाच एका सुट्टीतल्या गप्पांतून सेचियामा यांना कल्पना सुचली आणि जानेवारी २००९ मध्ये त्यांनी मैत्रीण व लेखिका मलाका ग्रँट यांच्यासोबत ‘ॲडव्हेंचर्स’ सुरू केले.

आरंभी या दोघीच लिहीत. हळूहळू नायजेरिया, केनिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, ब्रिटन अशा ठिकाणांहून मजकूर येऊ लागला. पहिला अनुभव, हस्तमैथुन, गर्भनिरोधक, लग्नातला कोरडेपणा, बाईवर जडलेले प्रेम, घटस्फोटानंतरची वर्षे असे विषय त्यात येत. अधूनमधून शृंगारकथाही असत. अनेकजणी टोपणनावाने लिहीत. ही सोय साधी वाटते, पण सगळा डोलारा तिच्यावरच उभा होता. अक्रासारख्या शहरात चर्च, माहेर, सासर आणि कचेरी यांची माणसे एकमेकांना ओळखतात. नाव झाकले की बाई निम्मी मोकळी होते. तिचे लिहिणे वाचून दुसरीला आपण एकट्या नाही हे कळते. पुढे या संकेतस्थळाला पॉडकास्ट आणि महोत्सव यांची जोड मिळाली.

पुस्तक त्याच वाटेने आले. सेचियामा यांनी काही वर्षे आफ्रिका खंडातील आणि खंडाबाहेर स्थायिक झालेल्या आफ्रिकी वंशाच्या तीसहून अधिक स्त्रियांशी बोलून त्यांच्या कहाण्या लिहिल्या. जुलै २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘डायलॉग बुक्स’ने आणि २०२२ मध्ये अमेरिकेत ‘ॲस्ट्रा हाउस’ने ते प्रसिद्ध केले. ‘द इकॉनॉमिस्ट’ने त्याला वर्षातील उत्तम पुस्तकांत स्थान दिले आणि २०२२ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत सेचियामा यांचे नाव आले. आत्मशोध, स्वातंत्र्य आणि जखमा भरून येणे असे पुस्तकाचे तीन भाग आहेत. बहुतेक नावे बदललेली आहेत. कहाणी प्रथमपुरुषी एकवचनात चालते. विचारलेले प्रश्न पुसून टाकलेले असल्यामुळे बाई थेट आपल्याशी बोलते आहे असे वाटते. इजिप्तमध्ये क्वीअर मैत्रसमूह शोधणारी, कॅमेरूनमध्ये धर्म आणि देहसुख यांचा मेळ घालू पाहणारी, सेनेगलमध्ये एकाहून अधिक जोडीदारांशी उघडपणे नाते ठेवणारी, अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या स्त्रिया येथे शेजारी-शेजारी येतात. लेखिकेने स्वतःचीही कहाणी त्यांत ठेवली आहे. इतरांना उघडे करून आपण झाकलेले राहायचे, हा आरोप त्यामुळे त्यांच्यावर करता येत नाही.

या मांडणीला पश्चिम आफ्रिकेत पाया आहे आणि तो बराच जुना आहे. घाना व सेनेगलमध्ये स्त्रिया कमरेला मण्यांच्या सरी बांधतात. वस्त्राखाली असल्यामुळे त्या बाहेरच्यांना दिसत नाहीत. चालताना होणारी त्यांची बारीक किणकिण जवळच्या माणसासाठीच असते. सेनेगलमध्ये या सरींना ‘बिन-बिन’ म्हणतात आणि त्यांच्या जोडीला ‘चुराय’ हा सुगंधी धूप जळत्या निखाऱ्यावर ठेवून खोली व कपडे धुपवले जातात. रिझवण्याची ही कला थोरल्या बायका धाकट्यांना शिकवतात आणि त्यात लाजण्यासारखे कोणालाच काही वाटत नाही.

घानातील दुसरी परंपरा अधिक गुंतागुंतीची आहे. मुलींच्या निवासी शाळांत वरच्या वर्गातली एखादी मुलगी खालच्या वर्गातल्या मुलीला आपली ‘सुपी’ करते. चिठ्ठ्या, भेटवस्तू, घरून पेटीत आलेल्या खाऊतला वाटा, एकत्र आंघोळ, कधी एकाच खाटेवर झोप, असा तो जिव्हाळा असतो. काहींच्या बाबतीत तो शाळेतच संपतो. काहींच्या बाबतीत लग्न आणि मुलेबाळे होऊनही टिकतो आणि त्यात देहसंबंधही असतात. आमा आता आयडू यांच्या ‘अवर सिस्टर किलजॉय’ (१९७७) या कादंबरीत घानाई नायिकेपुढे एक जर्मन स्त्री देहाची ओढ व्यक्त करते, तेव्हा नायिकेला आठवतात त्या निवासी शाळेतल्याच मुली. अभ्यासक सेरेना डांकवा यांनी ‘नोइंग विमेन’ (२०२१) या ग्रंथात दक्षिण घानातील कष्टकरी स्त्रियांमधील अशा नात्यांचा अभ्यास केला आहे. या स्त्रिया स्वतःला समलिंगी किंवा क्वीअर म्हणवून घेत नाहीत. वाच्यता नाही म्हणूनच त्यांना मोकळीक होती, आणि जाहीर वादामुळे ती आकसू लागली, असे डांकवा यांच्या मांडणीतून दिसते.

सेचियामा यांच्या कामातली कळीची अडचण हीच आहे. त्या स्वतःला उघडपणे क्वीअर म्हणतात, आणि कोणीतरी उघडपणे म्हटल्याशिवाय हक्क मागता येत नाहीत. पण ज्या बाईचे सगळे आयुष्य न बोलण्याच्या आडोशाला तगले आहे, तिला हा उजेड महागात पडू शकतो. टोपणनावे आणि बदललेले तपशील हा त्यांनी काढलेला मधला मार्ग आहे. तो पुरेसा आहे का, हे ज्या त्या बाईनेच ठरवायचे.

पुस्तक आले त्या वर्षी घानातले वातावरण फार बिघडले होते. समलिंगी पुरुषसंबंधांवरील बंदी ही ब्रिटिश अमदानीतल्या कायद्याचा वारसा असून ती १९६० च्या फौजदारी कायद्यातील कलम १०४ मध्ये कायम राहिली. भारतातील कलम ३७७ ही त्याच राजवटीची देणगी, जिची धार सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये बोथट केली. अक्रामध्ये ‘एलजीबीटी+ राइट्स घाना’ या संघटनेने जानेवारी २०२१ च्या अखेरीस कार्यालय उघडले आणि महिनाभरातच ते बंद पाडले गेले. मे महिन्यात ‘हो’ नावाच्या शहरात प्रशिक्षणासाठी जमलेल्या २१ जणांना अटक झाली. पुरेशा पुराव्याअभावी ऑगस्टमध्ये त्यांची सुटका झाली. त्याच ऑगस्टच्या आरंभी, म्हणजे पुस्तक बाजारात येऊन दोन आठवडेही झाले नसताना, ‘मानवी लैंगिक हक्क आणि कौटुंबिक मूल्ये’ अशा गोंडस नावाचे विधेयक संसदेत मांडले गेले. संसदेने ते २८ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजूर केले. स्वतःला समलिंगी म्हणवून घेण्यासाठी तीन वर्षांपर्यंत, तर अशा गटांची स्थापना किंवा त्यांना अर्थसाहाय्य केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, अशा तरतुदी त्यात होत्या. राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-आडो यांनी स्वाक्षरी केली नाही आणि त्या संसदेची मुदत संपताच विधेयक बारगळले. २०२५ मध्ये ते पुन्हा दाखल झाले. जुलै २०२४ मध्ये घानाच्या सर्वोच्च न्यायालयाने कलम १०४ वैध ठरवले होते.

हे सारे पाश्चात्त्यांनी आणलेले खूळ आहे, असा विधेयकाच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असतो. निवासी शाळांतल्या सुपी माहीत असलेल्या देशात तो इतका चालावा, हे नवलाचे आहे. सेचियामा यांचे पुस्तक या युक्तिवादाशी हुज्जत घालत बसत नाही. ते एकामागून एक बायका पुढे आणते आणि त्यांना बोलू देते.

पुस्तकाच्या मर्यादाही आहेत. इंग्रजीत सहज व्यक्त होणाऱ्या, शिकलेल्या, शहरी आणि परदेशस्थ स्त्रियांचे आवाज त्यात जास्त ऐकू येतात. डांकवा यांच्या अभ्यासातल्या बाजारात माल विकणाऱ्या बाया येथे फारशा भेटत नाहीत. प्रश्न पुसून टाकल्यामुळे कहाणीला ओघ येतो, पण कोणत्या प्रश्नावर बाई अडखळली आणि कशाला उत्तर द्यायचे तिने टाळले, हे वाचकाला कळत नाही. सर्वांत सकस आहेत त्या वयस्क स्त्रियांच्या कहाण्या. पन्नाशी-साठीनंतर आपल्याला काय हवे ते कळले, असे सांगताना त्यांच्या बोलण्यात ना फुशारकी येते ना कबुलीजबाबाचा सूर, आणि लेखिकाही त्यांच्यावर भाष्य करायला मध्ये येत नाही.