लसीची जनजागृती आणि लसीवरचा विश्वास: गल्लत कुठे होते

शाळेतली पालकसभा. आरोग्यसेविका वीस मिनिटं छान बोलते. एचपीव्ही नावाचा विषाणू, त्याचे दोनशेहून अधिक प्रकार, त्यातल्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांमुळे होणारे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग, आणि म्हणून नऊ ते चौदा या वयात मुलींना लस. सगळं बरोबर, सोप्या भाषेत. "कुणाला काही विचारायचंय?" कुणालाच नाही. खुर्च्या सरकतात, लोक उठतात, आणि दाराशी एक आई तिला गाठून हळू आवाजात विचारते, "ताई, रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा?"

अहवालात या सभेची नोंद होईल: जनजागृती, सभा एक, उपस्थिती साठ. त्या आईच्या प्रश्नासाठी अहवालात रकाना नसतो.

नवी लस येणार म्हटलं की "लोकांचा विश्वास मिळवा" असा आदेश निघतो आणि खाली पोचेपर्यंत त्याचं "पोस्टर लावा" झालेलं असतं. यामागे एक समजूत आहे: लोकांना ठाऊक नाही म्हणून ते घाबरतात, सांगितलं की भीती जाईल. काही जणांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण दाराशी थांबलेल्या आईला विषाणूबद्दल काहीच विचारायचं नाही, ते तिला कळलंय. तिचा प्रश्न लस देणाऱ्यांबद्दल आहे. जनजागृती लसीची असते, विश्वास मात्र माणसांवर आणि यंत्रणेवर ठेवायचा असतो. दोन्हींचं दुकान एकाच छपराखाली असतं म्हणून ती एकच वाटतात, इतकंच.

किशोरवयातल्या लसीत ही गल्लत जास्त महागात पडते. तान्ह्या बाळाच्या लसी घराघरात रुळलेल्या असतात. आजीनेही दिलेल्या, आईनेही घेतलेल्या. इथे मुलगी ठणठणीत, आजार वीस-तीस वर्षांनंतरचा, आणि त्याचा संबंध लैंगिकतेशी, म्हणजे ज्या विषयावर घरात सहसा बोलणंच होत नाही. "फक्त मुलींनाच का?" या साध्या प्रश्नाच्या पोटात "मूल होण्याशी याचा काही संबंध आहे का?" हा प्रश्न लपलेला असतो. १९९० मध्ये आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये मुलींना आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांना धनुर्वाताची लस देताना, ती घेतली की मूल होत नाही, अशीच अफवा उठली होती. पोटातला प्रश्न ओळखल्याशिवाय वरच्या प्रश्नाचं कितीही शास्त्रशुद्ध उत्तर दिलं तरी ते वाया जातं.

जपानचं उदाहरण घेऊ. एप्रिल २०१३ मध्ये एचपीव्ही लस तिथल्या नियमित लसीकरणात आली. काही मुलींना दीर्घकाळ वेदना आणि झटके येत असल्याच्या बातम्या पसरल्या, आणि जूनमध्येच सरकारने सक्रिय शिफारस थांबवली. लस बंद केली नाही. मोफत मिळत राहिली, फक्त "घ्या" असं सांगणं थांबलं. लस घेणाऱ्या मुलींचं सुमारे ७० टक्क्यांवर गेलेलं प्रमाण नंतर त्या वयात आलेल्या मुलींमध्ये एक टक्क्याच्याही खाली आलं. नागोया शहरात सुमारे तीस हजार मुलींच्या पाहणीत २४ लक्षणं तपासली गेली, लसीशी संबंध दिसला नाही. माहिती म्हणून याहून स्वच्छ उत्तर काय हवं? तरी शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं. पालकांनी आकडे वाचले नाहीत असं मला वाटत नाही. त्यांनी सरकारचा चेहरा वाचला. ज्यांनी लस आणली तेच धड हो म्हणत नाहीत, धड नाही म्हणत नाहीत.

डेन्मार्कमध्ये २०१५ साली एका दूरचित्रवाणी माहितीपटानंतर असंच झालं. नव्वदीच्या आसपासचं प्रमाण चाळिशीच्या आसपास घसरलं. पण त्याच वर्षी तिथे प्रत्येक प्रांतात लक्षणं असलेल्या मुलींसाठी तपासणीचं ठरावीक ठिकाण सुरू झालं. मग २०१७ मध्ये आरोग्य खातं, कर्करोग संस्था आणि डॉक्टरांची संघटना यांनी मिळून मोहीम काढली, तीही आधी आयांना नेमकं काय खुपतंय ते ऐकून. समाजमाध्यमांवर आलेल्या शंकांना उत्तरं देत बसायला माणसं नेमली. त्या वर्षी लस सुरू करणाऱ्या मुली आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट झाल्या. माहिती तीच होती जी २०१५ मध्येही छापलेली होती. (प्रांतोप्रांती ती केंद्रं काढली तेव्हा "म्हणजे लसीत दोष आहे हे मान्यच केलंत" अशी टीकाही झाली. विश्वासाच्या कामात हा धोका असतोच, आणि तो पत्करावा असं माझं मत आहे.)

आता एक प्रसंग अगदी जवळून बघू, कारण मोहिमेच्या पहिल्याच दिवशी तो घडू शकतो. शाळेच्या व्हरांड्यात मुलींची रांग आहे. सकाळपासून निम्म्या जणींनी काही खाल्लेलं नाही. उघड्या दारातून सुई दिसते. सातव्या नंबरची मुलगी टोचून उठते, चार पावलं चालते आणि खाली बसते, डोळे मिटतात. मागच्या तिघींना लगेच गरगरायला लागतं. दहा मिनिटांत कुणीतरी व्हिडिओ काढतं, तासाभरात फाटकापाशी पालक.

किशोरवयात सुई टोचल्यावर चक्कर येणं हे वैद्यकात जुनं, ओळखीचं आहे. भीतीने रक्तदाब झरकन उतरतो, माणूस आडवा झाला की थोड्या वेळात सावरतो. एकीला बघून दुसरीला होणं हेही माहीत असलेलं. ते नाटक नसतं, शरीराला खरंच तसं होतं. जागतिक आरोग्य संघटना याकडे लसीकरणाच्या ताणातून उमटणारी प्रतिक्रिया म्हणून बघते. खरी तीव्र ॲलर्जी अगदी विरळा, दहा लाख डोसांमागे एक-दोन, पण तिच्यासाठी औषध टेबलावर तयार लागतं.

जनजागृतीच्या पत्रकात यावर एक ओळ असते: "किरकोळ त्रास होऊ शकतो." विश्वासाचं काम असतं आदल्या आठवड्यात मुलींनाच सांगण्याचं, की चक्कर येऊ शकते, का येते, आणि आली तर आम्ही काय करणार. त्या दिवशी खाऊन यायला सांगायचं. रांग वेगळ्या खोलीत, सुई दिसणार नाही अशी. टोचताना बसवून, नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवायचं. आधी सांगितलेली चक्कर पालकांच्या लेखी "ते म्हणाले होते तसं" ठरते. न सांगितलेली मात्र बातमी होते. कोलंबियात २०१४ मध्ये कार्मेन दे बोलिवार या गावी शेकडो मुलींना असा त्रास झाला. लसीचा दोष नाही, हा सामूहिक मानसिक परिणाम आहे, असं तपासाअंती सांगितलं गेलं. निष्कर्ष बरोबर असेलही, पण आयांच्या कानावर पडलं ते "तुमच्या मुली वेड्या आहेत." २०१६ पर्यंत देशातलं पहिल्या डोसचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांवर आलं.

म्हणून दोन्हींचं माप वेगळं. पहिल्या दिवशी किती मुली आल्या, यावरून जागृती कळते. एक मुलगी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी किती आल्या, त्यावरून विश्वास.

संमतीपत्राची गोष्टही इथेच येते. भारतात २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लसीचा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. त्यात सात मुलींचे मृत्यू झाले. एक बुडून, एक सर्पदंशाने. चौकशीत लसीशी संबंध आढळला नाही. पण अनेक अर्जांवर पालकांऐवजी मुख्याध्यापकांच्या नाहीतर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष होती, तरी ती देण्याची रीत सदोष होती, आणि लोकांच्या लक्षात रीतच राहते. सही मिळाली म्हणजे संमती मिळाली असं नाही, आणि संमती मिळाली तरी विश्वास मिळालाच असं नाही.

उलटीही बाजू आहे. विश्वास आहे म्हणून माहिती देण्यात हात आखडता घेतला तर काय होतं ते फिलिपिन्सने पाहिलं. २०१६ पासून तिथे आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना डेंग्यूची नवी लस दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकांनीच जाहीर केलं की आधी डेंग्यू न झालेल्यांना लसीनंतर तो झाला तर आजार जास्त तीव्र होण्याचा धोका आहे. लसी महत्त्वाच्या आहेत असं ठामपणे मानणाऱ्यांचं प्रमाण २०१५ मध्ये ९३ टक्के होतं, ते २०१८ मध्ये ३२ टक्क्यांवर आलं, आणि त्यात गोवरासारख्या जुन्या, निर्धोक लसीही भरडल्या गेल्या. तेव्हा नव्या लसीबद्दल "शंभर टक्के सुरक्षित" हे शब्द कुणी वापरू नयेत. "आज इतकं माहीत आहे, नवं काही कळलं तर आम्हीच येऊन सांगू" हे ऐकायला कमी आकर्षक आहे, पण पाळता येण्यासारखं आहे.

मोहिमेआधी आणखी एक कंटाळवाणं काम उरकावं. या वयाच्या मुलींमध्ये एरवीही वर्षाला किती जणींना झटके येतात, किती जणी दगावतात, याचा आकडा लस येण्याआधीच काढून ठेवायचा. लाखो मुलींना लस दिली की त्यातल्या काहींना पुढच्या महिन्यात काही ना काही होणारच, लस असो वा नसो. आकडा नंतर शोधायला गेलं की ती सारवासारव वाटते.

आणि त्या दाराशी थांबलेल्या आईला? पत्रक देऊ नये. आरोग्यसेविकेने मुलीच्या कार्डामागे नंबर लिहावा आणि तिथेच, तिच्यासमोर, एकदा लावून बघावा. पलीकडून कुणी उचलतं का, ते दोघींनाही कळेल.