इंडिपेंडन्स वर्ग (विमानवाहू नौका)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने क्लीव्हलँड वर्गाच्या हलक्या क्रूझर (वेगवान, मध्यम आकाराच्या युद्धनौका) म्हणून बांधायला घेतलेल्या नऊ युद्धनौकांचे रूपांतर करून तयार केलेला हलक्या विमानवाहू नौकांचा वर्ग. एसेक्स वर्गाच्या मोठ्या विमानवाहू नौका १९४४ पूर्वी हाती येणार नाहीत असे १९४१ मध्ये दिसत असल्याने राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या रूपांतराचा आग्रह धरला. नौदलाच्या तज्ज्ञांनी तो आधी फेटाळला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर मात्र त्यांनाही तोच मार्ग पत्करावा लागला. न्यू जर्सीतील कॅम्डेनच्या गोदीत ‘अ‍ॅम्स्टरडॅम’ या नावाने सुरू झालेली क्रूझर १४ जानेवारी १९४३ रोजी ‘इंडिपेंडन्स’ म्हणून दाखल झाली आणि उरलेल्या आठही त्याच वर्षी आल्या. गंमत अशी की, ‘एसेक्स’ तिच्याही दोन आठवडे आधी, ३१ डिसेंबर १९४२ रोजी सेवेत आली होती. ज्या दिरंगाईच्या धास्तीने हा वर्ग जन्मला, ती झालीच नाही.

या नौकांचे गुण आणि दोष दोन्ही क्रूझरच्या सांगाड्यातून आले. एक लाख अश्वशक्तीच्या यंत्रांमुळे त्या ३१ नॉटांपेक्षा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) अधिक वेगाने धावत आणि मुख्य ताफ्याबरोबर राहू शकत, जे वीस नॉटांच्या आतच रेंगाळणाऱ्या एस्कॉर्ट (जहाजांच्या तांड्यांना संरक्षण देणाऱ्या लहान) विमानवाहू नौकांना शक्य नव्हते. परंतु सांगाडा अरुंद होता. वर चढलेल्या वजनाने नौका कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटे जोडावे लागले, चार लहान धुराडी उजव्या कडेबाहेर काढावी लागली, आणि एसेक्सवर नव्वदच्या आसपास विमाने मावत असताना येथे जेमतेम तीस-बत्तीस मावत.

फिलिपिन्समधील लेटे आखाताच्या लढाईत, २४ ऑक्टोबर १९४४ रोजी, एकट्या जपानी विमानाने टाकलेला बाँब ‘प्रिन्स्टन’चे उड्डाणतळ भेदून आत फुटला. आग विझवण्यासाठी ‘बर्मिंगहॅम’ ही क्रूझर तिला चिकटून उभी राहिली असताना ‘प्रिन्स्टन’वरील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि ‘बर्मिंगहॅम’च्या उघड्या डेकवरील दोनशेहून अधिक खलाशी मारले गेले. ही क्रूझरही मूळ क्लीव्हलँड वर्गाचीच होती. ‘प्रिन्स्टन’ त्याच दिवशी बुडवावी लागली. युद्धात गमावलेली या वर्गाची ती एकमेव नौका.

पुढील सायपॅन वर्गात बाल्टिमोर वर्गाच्या जड क्रूझरचा आराखडा आधाराला घेतला, पण नौका मुळापासून विमानवाहू म्हणूनच बांधल्या. इंडिपेंडन्स वर्गातील ‘कॅबट’ १९६७ मध्ये स्पेनला देण्यात आली आणि ‘डेडालो’ या नावाने, अखेरच्या काळात उभ्याने उतरू शकणारी हॅरियर जेट विमाने घेऊन, १९८९ पर्यंत सेवेत राहिली.