सिस्मोग्राफमधला खरा 'स' कुठला?

कुठे भूकंप झाला की आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो, सिस्मिक (भूकंपाचं), सिस्मोग्राफ (भूकंपाचे धक्के नोंदवणारं यंत्र) हे शब्द म्हणे ग्रीकांनी संस्कृतातून उचलले. तसं नाहीये, आणि खरी गोष्ट याहून कितीतरी भारी आहे.

जुन्या ग्रीकमधे 'सेइओ' म्हणजे 'मी हलवतो'. त्यावरून 'सेइस्मोस', म्हणजे हादरा, भूकंप. १८५७च्या इटलीतल्या भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट मॅलेट या आयरिश इंजिनिअरने त्यावरूनच भूकंपशास्त्राला सिस्मॉलॉजी हे नाव पाडलं. पण ग्रीकांचा हा रोजचा शब्द होता. महाकवी होमरचे योद्धे भाले हलवतात तिथे हेच क्रियापद, अथेन्समधे खटल्याची भीती घालून पैसे उकळायचे त्यालाही हेच, आणि सारखी शेपटी हलवणारा धोबी पक्षी म्हणजे 'सेइसोपिगिस'. अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने इ.स.पू. ५९४च्या सुमारास कर्जं रद्द केली ती 'सेइसाख्थेया', ओझं झटकून टाकणं. इ.स.पू. ४६४च्या सुमारास ग्रीसमधलं स्पार्टा भूकंपाने हादरलं तेव्हा लोक म्हणाले भूकंपाचा देव पोसायडन कोपला, आणि आजही भूकंपानंतर कुणाचं तरी पाप शोधणारे निघतातच, जमिनीखालच्या खडकांवरचा ताण कुणाचं पापपुण्य बघत नाही हो.

आता माझा आवडता भाग. संस्कृत आणि ग्रीक या दोघींच्या एकाच पूर्वज भाषेत 'सेइओ'चा मूळ धातू 'त्वेइस्' असा धरतात. ग्रीकमधे सुरुवातीच्या 'त्व'चा 'स' झाला, म्हणून संस्कृत 'त्वाम्' तिकडे 'से'. आणि दोन स्वरांमधला 'स' आधी 'ह' झाला मग गळूनच गेला, संस्कृत 'जनसः' तिकडे 'गेनेओस'. दोन्ही नियम लावून बघा: त्वेइसो, सेइहो, सेइओ. म्हणजे 'सेइओ'मधे जो 'स' आपल्याला दिसतो तो मुळात 'स' नाहीच, आणि जो खरा 'स' होता तो गायब! याचा माग होमरच्या इलियड या महाकाव्यातही लागतो. चौथ्या सर्गात देवांचा राजा झ्यूस आपलं एजिस, म्हणजे दैवी ढाल, हलवेल असं म्हटलंय तिथे उपसर्ग लागून 'एपिस्सेइओ' होतं, डबल 'स', कारण दोन स्वरांमधे 'त्व' आला की 'स्स' व्हायचा, जसं 'चत्वारः' आणि ग्रीकच्या आयोनियन बोलीतलं 'टेस्सेरेस'.

संस्कृतात हाच धातू 'त्विष्' म्हणून राहिला, खवळणं, लखलखणं या अर्थाने. तेज या अर्थाची 'त्विषा' त्याचीच. म्हणजे त्विषा आणि सिस्मोग्राफ ही एका घरातली भावंडं, आई कुणीच कुणाची नाही.