रात्री तीनला जाग येते तेव्हा

रात्री तीनच्या सुमारास डोळे टक्क उघडतात. हात उशाशी मोबाइल चाचपडतो, वेळ दिसते आणि हिशेब सुरू होतो: आत्ता डोळा लागला तर अजून साडेतीन तास मिळतील. पुढची झोप उडवतो तो बहुतेकदा हाच हिशेब.

नुसती जाग येणं हा आजार नाही. साधारण ९० मिनिटांचं एक, अशी झोपेची चार-पाच आवर्तनं रात्रीत होतात. दोन आवर्तनांच्या सांध्यावर आपण क्षणभर जागे होतो, फक्त सकाळी ते आठवत नाही. गाढ झोप बरीचशी पहिल्या निम्म्या रात्रीतच होऊन जाते. दिवसभर मेंदूत साठून डोळे जड करणारं अडेनोसिन तीनपर्यंत खूपसं ओसरलेलं असतं, आणि पहाटेकडे शरीराला जागं करणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढू लागतं. उरलेली झोप हलकी, स्वप्नांची. ती सहज मोडते. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ थॉमस वेर यांनी काही जणांना महिनाभर रोज १४ तास अंधारात ठेवलं, तेव्हा त्यांची झोप आपोआप दोन तुकड्यांत विभागली गेली. मधला काळ ते शांतपणे जागे असत. १९९२ साली हे प्रसिद्ध झालं.

खरी अडचण तळमळण्याची आहे. कुशी बदलत तास काढले की मेंदू हळूहळू अंथरुणाची सांगड जागरणाशी घालतो. ती तोडण्यासाठी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला उपाय आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरतात: पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं, तर सरळ उठा. घड्याळ न बघता, अंदाजानेच. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यापाशी बसा, आधी वाचलेलं काहीतरी चाळा, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घाला. डोळे मिटू लागले की परत या. पुन्हा तळमळ सुरू झाली तर पुन्हा उठा. थंडीत पांघरुणातून निघणं जिवावर येतं, पण मला यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मोबाइल मात्र नको. त्याचा निळसर उजेड मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, दाबतो.

सकाळी उठायचं नेहमीच्याच वेळी. दुपारी भरपाई म्हणून ताणून दिली, तर रात्रीसाठी साठणारं अडेनोसिन तिथेच खर्ची पडतं. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीच्या झोपेचे तुकडे होतात.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने हेच चाललं असेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टरांना दाखवा.