कंत्राटी माणूस म्हणजे कंत्राट नव्हे

सोसायटीच्या दर सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठतं आणि म्हणतं, "पंपवाला काढा, कंत्राट द्या. डोक्याला ताप नको." मग एजन्सीचा पोरगा येतो, तोच पंप चालू-बंद करतो, सेक्रेटरीचीच बोलणी खातो, आणि कमिटी खूश की आपण कंत्राट दिलं.

पगारी माणसाबद्दल काही सांगायला नको. सुट्ट्या, दिवाळीचा बोनस, आणि गावाला गेला की पाण्याची बोंब. ते सगळ्यांनी भोगलंय.

घोटाळा पुढेच आहे. एक कंत्राटदार काम घेतो, दुसरा नुसता माणूस देतो. टाकीचं वॉटरप्रूफिंग ज्याला दिलं, त्याने दोन माणसं आणली की सहा, हा त्याचा प्रश्न. हमीच्या मुदतीत पुन्हा गळलं तर स्वखर्चाने परत यायचं. एजन्सी मात्र फक्त आठ तास विकते. काय करायचं ते तुम्ही सांगणार, पाना-वॉशर तुम्ही आणून देणार, मोटर जळली तर वाइंडिंगचं बिलही तुमच्याच माथी. म्हणजे नोकर तुमचाच, मध्ये दलाल बसवला इतकंच. त्यात एजन्सीने १८,००० चं बिल लावलं की वर १८ टक्क्यांनी ३,२४० रुपये जीएसटी. थेट दिलेल्या पगारावर तो नसतो. आणि "पीएफचं एजन्सी बघेल" म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडतो. तिने बुडवला तर वसुली मूळ मालक, म्हणजे शेवटी काम करून घेणारा, म्हणून सोसायटीच्या दारात येऊ शकते. तेव्हा करारावर मथळा काय आहे ते सोडा. काम फसलं तर खिसा कुणाचा हलका होणार, ते कलम शोधा. सापडलं नाही तर तुम्ही माणूस भाड्याने घेतलाय.

लिफ्ट आणि आगीच्या यंत्रणेत वादच नको, ते कंत्राटानेच द्यायचं. २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडूनच लागतो. तिथे आपला इलेक्ट्रिशियन कितीही हुशार असून उपयोग नाही.

पाण्याला मात्र मी सोसायटीचाच पगारी माणूस ठेवीन. आमच्या बी विंगचा वॉल्व्ह पूर्ण उघडला की ए विंगच्या सातव्या मजल्याचे नळ कोरडे. तो दीड आटा मागे ठेवावा लागतो. जुन्या पंपवाल्याच्या हाताला हे पाठ होतं. एजन्सीचा पोरगा वर्षात तीनदा बदलला. दरवेळी सातव्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडून नव्याला शिकवतात.